कमोड म्हणजे कचराकुंडी नव्हे

ओले वाइप्स, म्हणजे पाकिटातली पुसायची ओली फडकी! उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाच्या उघड्या माळाच्या कडेला बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे राहण्या-न्याहारीची घरगुती सोय, चालवणाऱ्या माणसाचं डोकं कशानं फिरत असेल तर या दोन शब्दांनी. दारामागे सूचना लावलेली असते, कमोडशेजारी झाकणाचा डबा ठेवलेला असतो, आल्या आल्या तोंडानं सांगूनही झालेलं असतं. तरी वाइप कमोडमध्येच जातो. वर उत्तर तयार असतं, ‘पाकिटावर फ्लशेबल, म्हणजे कमोडमध्ये टाकलं तरी चालेल, असं लिहिलंय ना!’ तळपायाची आग मस्तकात जाते हे ऐकून.

अहो, तुम्ही लंडनच्या फ्लॅटमध्ये नाही आहात. डेव्हनच्या या भागात गावाबाहेरच्या बहुतेक घरांना नगराची मलवाहिनी नाहीच. मूर म्हणजे खाली ग्रॅनाइट, वर पाण्यानं फुगलेली, कुजक्या झाडपाल्याची काळी पीट माती आणि त्यावर हीदरची खुरटी झुडपं नि गवत. इतक्या लांबवर एकेका घरासाठी गटार कोण खणणार? म्हणून घरामागच्या शेतात सेप्टिक टँक असते. तुम्ही फ्लशचा खटका दाबलात की ते सगळं तिथंच, न्याहारीच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर जाऊन बसतं.

टँकचा हिशेब काटेकोर असतो. इंग्लंडच्या बांधकाम नियमांप्रमाणे चार माणसांना किमान 2700 लिटर आणि पुढच्या प्रत्येक माणसाला 180 लिटर जास्त. चार खोल्यांचे आठ पाहुणे आणि घरचे दोघं धरले तर 3780 लिटर. जड गाळ तळाशी बसतो, तेल-तूप-साबण वर साय धरतात आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी टी-आकाराच्या पाइपातून बाहेर पडून खडी भरलेल्या चरांमधल्या भोकांच्या नळ्यांत जातं. तिथून ते जमिनीत झिरपतं. खरी सफाई त्या चरांतल्या मातीत होते. टँक फक्त गाळ अडवते.

आता यात वाइप टाका. तो विरघळत नाही, त्या टी-पाइपाच्या तोंडाशी किंवा तपासणी-कुंडीच्या वळणावर अडकतो. त्यावर दुसरा अडकतो, त्यावर केस, त्यावर बेकनची थिजलेली चरबी, दात साफ करायचा दोरा. दोरा सगळ्यांना एकत्र बांधतो! आठवड्याभरात मनगटाएवढी दोरखंडासारखी गुंतवळ तयार होते. मग तळमजल्यावरचं कमोड गुडगुडायला लागतं, शॉवरमध्ये पाणी तुंबतं आणि वास येतो. इथं थांबलं तरी नशीब म्हणायचं. पण टी-पाइप सुटला किंवा साय पुढे ढकलली गेली की चरबी आणि गाळ थेट चरांत जातो, खडीमधल्या फटी बुजतात, चरांवरचं गवत आजूबाजूपेक्षा हिरवंगार आणि पायाखाली लिबलिबीत होतं. त्यावर टँक उपसून उपयोग नाही. जमिनीचा झिरपा पुन्हा मोजायचा, नवीन जागेत नवीन चर खणायचे. त्या चरांना घरापासून 15 मीटर, ओढ्यापासून 10 मीटर आणि विहिरीपासून किंवा बोअरपासून 50 मीटर अंतर लागतं. ग्रॅनाइटच्या उतारावर अशी दुसरी जागा आणायची कुठून? काही हजार पौंडांचा खड्डा, आणि सुरुवात कशापासून? एका वाइपपासून.

‘फ्लशेबल’ या शब्दाचा तर खरंच संताप येतो. खटका दाबल्यावर वस्तू कमोडातून दिसेनाशी होते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ब्रिटनमधल्या पाणी कंपन्यांच्या संघटनेनं 2019 मध्ये ‘फाइन टू फ्लश’ ही खूण आणली, आणि 2024 मध्ये बंद केली, कारण लोकांना एकच सरळ निरोप द्यायचा होता: वाइप कचऱ्यात टाका. प्लॅस्टिक नसलेला वाइपसुद्धा टँकमध्ये बराच काळ तसाच राहू शकतो. विश्वास नसेल तर जॅमच्या दोन रिकाम्या बरण्या घ्या, अर्ध्या पाण्यानं भरा. एकीत टॉयलेट पेपरचा एक तुकडा, दुसरीत वाइप. झाकण लावून दहा वेळा जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. कागदाचा लगदा होऊन पाणी दुधाळ होतं. वाइप मात्र सकाळी काट्यानं अख्खा उचलता येतो, पिळून वाळत घालता येईल इतका अख्खा.

आपल्या मराठी मंडळींशीही एकदा स्पष्ट बोलायलाच हवं. लंडन, स्लाव, रेडिंगहून तुम्ही ऑगस्टच्या सुट्टीत मुलाबाळांसह येता, आनंद आहे. इथं कमोडशेजारी जेट स्प्रे नसतो आणि नुसत्या कागदानं आपलं भागत नाही, हेही समजतं. म्हणून तुम्ही वाइप्सचं पाकीट घेऊन येता. अहो, त्यापेक्षा तांब्या मागा! प्लॅस्टिकचा जग मागा! लाजू नका, कुणी हसणार नाही. तांब्याभर पाण्यानं टँकला काही होत नाही. वाइप वापरलाच तर डब्यात टाका. बाळाचे लंगोट, सॅनिटरी पॅड, कानातल्या काड्या, सगळं डब्यात. कमोडमध्ये जायच्या गोष्टी तीनच: लघवी, शी आणि कागद.

आणि यजमानांनो, थोडी चूक आपलीही असते. डबा सिंकखाली कपाटात ठेवला तर पाहुणा उठून शोधणार नाही. तो बसल्या जागी हात पोचेल असा हवा, पायानं उघडणाऱ्या झाकणाचा, आत पिशवी लावलेला, आणि रोज रिकामा होणारा. भरलेला डबा दिसला की माणूस कमोडकडेच वळतो. ब्लीच आणि फ्लशच्या टाकीत टांगायच्या निळ्या वड्या बंद करा, त्यानं सेप्टिक टँकमधले गाळ कुजवणारे जिवाणू मरतात. तव्यावरची बेकनची चरबी धुण्याआधी कागदानं पुसून कचऱ्यात टाका. शनिवारी पाहुणे बदलतात म्हणून आठ पलंगांच्या चादरी एकाच दुपारी धुऊ नका. एकदम एवढं पाणी शिरलं की तळाचा गाळ ढवळून चरांत जातो. दिवसाला दोन मशीन, बाकीचं दुसऱ्या दिवशी. माणशी दिवसाला 150 लिटर धरले तर दहा माणसांचे 1500 लिटर झाले, आणि जमिनीत सोडायची सवलत दिवसाला 2000 लिटरपर्यंतच आहे. त्यापुढे पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. ओढ्यात थेट सोडणारी सेप्टिक टँक तर 2020 पासून चालतच नाही, आणि ते योग्यच आहे. डार्ट, टीन, टॅव्ही या नद्या याच माळावर उगम पावतात आणि खाली त्यांत लोक पोहतात.

तुंबल्यावर काय करावं लागतं तेही पाहुण्यांना कळू दे. कोपरापर्यंतचे हातमोजे घालून कुंडीचं झाकण उचलायचं. दोन माणसं लागतात आणि टँकवर तोंड घालून वाकायचं नाही, आतल्या वायूनं माणूस मरू शकतो. मग बांबूसारख्या लवचीक सळया एकमेकींना आट्यांनी जोडून टोकाला स्क्रूसारखा काटा लावायचा आणि घराकडच्या बाजूनं पाइपात सारायच्या. फिरवायच्या फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. चुकून उलट्या फिरल्या तर आटे सुटतात आणि सळई आतच राहते, मग पाइप खणूनच काढावा लागतो. काटा रुतला की हळूहळू ओढायचं. बाहेर येतं ते करड्या चिंध्यांचं लांबच लांब गाठोडं. त्यातल्या एकाही चिंधीचा आकार बदललेला नसतो, कडेची नक्षीसुद्धा शाबूत!

सळयांनी भागलं नाही तर टँकर. त्याला टँकपासून 30 मीटरच्या आत यावं लागतं आणि इथल्या गल्ल्या दोन्ही बाजूंच्या दगडी बांधांमध्ये जेमतेम एका गाडीएवढ्या. त्यातच पाहुण्यांच्या गाड्या वळणावर लावलेल्या. म्हणून आधी दार ठोठावून गाड्या हलवायला सांगायच्या. टँकर उपसून गेला की फायबरग्लासची टँक लगेच पाण्यानं भरायला घ्यायची, नाहीतर ओल्या पीटमध्ये भूजल तिला रिकाम्या डब्यासारखी वर उचलतं आणि जोडलेले पाइप तुटतात. ते पाणीही ऑगस्टात आटत आलेल्या स्वतःच्या झऱ्याचंच, 3780 लिटर! आणि हे सगळं दुपारी चारच्या आत, कारण तेव्हा पुढची मंडळी दारात उभी राहतात, पिशवीत वाइप्सचं नवं पाकीट घेऊन.