ऐंशी टक्के कुणाचे?

चाकणच्या भरतीवरून आमच्या भावकीच्या ग्रुपवर पुन्हा जुंपलीय. एक चुलता २००८ चा शासन निर्णय नाचवतोय: सवलती घेणाऱ्या कारखान्यांत ८० टक्के स्थानिक हवेतच. ज्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे तो दादा म्हणतो, गावची पोरं दोन महिन्यांत पळतात, बिहारी टिकतो. अरे, पण त्यांना शिकवलं कुणी?

इथे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ, आमच्या शेजारणीचा मुलगा गोदामात आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत शिकायचं व्यावसायिक प्रशिक्षण, करतोय. हो, गोदामात. तीन वर्षं! आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी कंपनीत. साठ्याचा हिशेब, धोकादायक मालाचे नियम, फोर्कलिफ्ट, सगळं. पैसे पहिल्या महिन्यापासून आणि परीक्षा आयएचके, म्हणजे इथलं उद्योग-व्यापार मंडळ, घेते, त्यामुळे उद्या कंपनी बदलली तरी कागद चालतो. भिवंडीत गोदामांची रांगच्या रांग आहे. तिथे स्कॅनर हातात दिला की झालं प्रशिक्षण.

कायदा आपल्याकडेही आहे, १९६१ पासून. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घेतातही बरेच जण. लाइनवर उभं करतात, वर्ष संपलं की नवी बॅच. मी हे लिहिल्यावर दादा उसळला: "बिलं नव्वद दिवसांनी निघतात. तीन वर्षं पोरगं पोसू कशातून? तिकडं बसून शहाणपण नको शिकवूस."

यावर मी गप्प बसलो. बसायलाच हवं होतं, कारण आमच्या चिरंजीवांना जिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, सोडून मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम, शिकायचंय, आणि त्यावर मी घरात जे बोललो ते ग्रुपवर टाकण्याजोगं नाही. पाना शेजारणीच्या मुलाच्या हातात शोभतो.

शिवाय मी कुठला भूमिपुत्र? मी आलो तेव्हा माझ्या जागेसाठी आधी जर्मन किंवा युरोपियन माणूस मिळतो का, हे इथलं रोजगार कार्यालय तपासायचं. तेव्हा तो नियम मला अपमानास्पद वाटला होता. चाकणसाठी तसाच नियम मागणाऱ्या चुलत्याला मात्र मी अंगठा देतो. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे ना!

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं आमच्या याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेंबर्गशी, करार केला, दहा हजार कुशल तरुण इकडे पाठवायचा. परवा दादाचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही: आपल्या पोराचं, सोन्याचं, त्यात काही जमेल का? मी कळवलं, आधी जर्मन भाषेची बी-वन पातळी पार कर म्हणावं, आणि तोवर तुझ्याच वर्कशॉपवर घे त्याला.