हार्वेस्टरचा ‘क्लास’ म्हणजे ताशी टन नव्हे

‘क्लास ८ चा कंबाइन (कापणी-मळणी एकत्र करणारा हार्वेस्टर) क्लास ७ पेक्षा ताशी अमुक टन जास्त काढतोच’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. उत्तर अमेरिकेतून रूढ झालेला हा आकडा इंजिनाच्या अश्वशक्तीचा गट सांगतो. मळणी किती, याबद्दल तो गप्प असतो.

खरी क्षमता नुकसानीशी बांधलेली असते. वेग वाढवला की टन वाढतातच, पण काडाबरोबर मागून दाणेही पडू लागतात. म्हणून चाचणीत (आयएसओ ८२१० हे त्यासाठीचंच मानक) मागून पडणारा काड-भुसा गोळा करून त्यातले दाणे वेगळे करतात, मोजतात. मग नुकसान ठरावीक टक्क्यांवर असताना यंत्रातून ताशी किती काड गेलं, ते बघतात. हो, काड! यंत्र गुदमरतं ते त्यानेच.

समजा यंत्र ताशी १२ टन काड पेलतं. दाण्याच्या ०.६ पट काड असेल तर २० टन दाणे निघतील; १.२ पट असेल तर १०च. यंत्र तेच, क्लास तोच.

ओलावाही निकाल फिरवतो. म्हणून कॅनडातल्या ‘पामी’ या शेतीयंत्रं तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांत त्याच पिकात शेजारी तुलनेसाठी एक ठरलेला ‘संदर्भ’ कंबाइन चालवत. वेगवेगळ्या शेतांतले आकडे नुसते शेजारी मांडणं म्हणजे तुलना नव्हे.