कुठला राग कुठल्या आजारावर, हा प्रश्नच चुकीचा आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून तो तक्ता फिरत येतोच. ब्लडप्रेशरला अमुक राग, मधुमेहाला तमुक, झोप येत नसेल तर आणखी तिसरा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण अशा तक्त्यांनी नुकसान होतं. संगीतोपचार म्हणजे गोळीऐवजी ऐकायचा राग, असं लोकांच्या डोक्यात बसतं. आणि जिथे गाण्याने माणूस खरोखर बोलता होतो, ते उपचार गरजू घरापर्यंत पोचतच नाहीत.

हे पोटतिडकीने लिहितेय, कारण माझ्या आत्याला लकवा झाला तेव्हा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. आपण बोललेलं तिला बरंचसं समजायचं, पण पाणी हवं असलं तरी "ते... ते..." यापुढे शब्द निघायचा नाही. मग चिडायची, रडायची. त्याच आत्याने गणपतीत आरती सुरू झाल्यावर सगळ्यांच्या बरोबरीने कडवंच्या कडवं म्हटलं. शब्द स्पष्ट, चाल पक्की. टाळ्या वाजवणारे आम्ही सगळे थांबलो, ती म्हणतच होती.

लकव्याने अशी वाचा जाण्याला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांत बोलण्याची मुख्य केंद्रं मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असतात. तिथला रक्तपुरवठा तुटला की उजवं अंग आणि वाचा दोन्ही एकदम जाऊ शकतात. चालीचं बरंचसं काम मात्र मेंदूचा उजवा भाग करतो. शिवाय लहानपणापासून तोंडात बसलेली आरती शब्द जुळवून म्हणावी लागत नाही, ती आपोआप येते. म्हणून गाणं शिल्लक राहू शकतं.

बॉस्टनच्या डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट मंडळींनी 1973 मध्ये याच गोष्टीवर एक पद्धत मांडली, मेलडिक इंटोनेशन थेरपी, म्हणजे वाक्य चालीवर म्हणत म्हणत बोलायला शिकवणं. 2011 च्या जानेवारीत डोक्यात गोळी लागलेल्या अमेरिकन लोकप्रतिनिधी गॅबी गिफर्ड्स यांना पुन्हा बोलतं करण्यातही गाण्याचा वापर झाला.

प्रत्यक्षात हे काम दिसायला अगदी साधं असतं. आत्याच्या थेरपिस्टने निवडलेलं पहिलं वाक्य होतं "पाणी दे". वरचा आणि खालचा असे दोनच सूर. आधी ती नुसतं गुणगुणायची आणि प्रत्येक अक्षराला आत्याच्या डाव्या हातावर हलकी थाप द्यायची. मग दोघींनी मिळून म्हणायचं. मग ती अर्ध्यात गप्प व्हायची आणि आत्याने पुरं करायचं. शेवटी नुसतं विचारायचं, "काय हवंय?" चाल हळूहळू विरत जाऊन साधं बोलणं उरावं, यासाठी ही सगळी खटपट. पाठ असलेली आरती येते म्हणून नवं वाक्य येईलच असं नाही. त्याला रोजचा सराव लागतो. आत्या आजही गप्पा मारू शकत नाही. पण पाणी मागते, "नको" म्हणते, नातवाला नावाने हाक मारते. ज्या घरात हे नसतं, त्यांनाच याची किंमत कळेल.

यात नेमकं काय काम करतं, सूर की ताल, यावर संशोधकांचं एकमत नाही. जर्मनीत 17 रुग्णांवर झालेल्या 2011 च्या अभ्यासात तालाचं आणि ओळखीच्या शब्दांचं पारडं जड निघालं. पार्किन्सनच्या रुग्णांचं पाऊल अडखळतं, तिथेही ठेक्यावर चालायला लावलं की चालणं सुधारतं. हेलसिंकीत 60 लकवाग्रस्तांवरचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन महिने रोज गाणी ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती, नुसती ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. आणि ती गाणी कुणी ठरवून दिलेली नव्हती, ज्याच्या त्याच्या आवडीची होती. मला तक्त्यांचा राग येतो तो इथेच. भजनात आयुष्य घालवलेल्या बाईला भजन द्या, लावणीवर जीव असलेल्या काकांना लावणी.

हे सगळं औषधांच्या जोडीने करायचं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर आधी हॉस्पिटल गाठायचं, तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

आत्याच्या डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या होत्या, फिजिओथेरपी होती. स्पीच थेरपीचा एक शब्दही नव्हता. आमचे महिने त्यात गेले. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. पण गडहिंग्लज किंवा माणगावच्या माणसाने थेरपीसाठी दर वेळी मुंबई गाठायची का? जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असतो तसा पूर्णवेळ स्पीच थेरपिस्ट हवा, आणि त्याच्या हाताशी मराठी वाक्यांचा, मराठी ठेक्यांचा सरावसंच हवा.

तुमच्या तालुक्यात असं काम करणारं कुणी माहीत असेल तर गावाच्या नावासकट खाली लिहा. मी यादी करतेय.