सॅम्पल गुलाबी आलं तर काय करणार?

लेख भारी आहे, व्हायरल न्यूमोनियात कुणाचा आजार वाढणार हे रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून (जनुकांचं काम कमी-जास्त करणारे आरएनएचे बारके तुकडे) आधीच ओळखता येईल म्हणे, पण मी नाशिकला लॅबमध्ये कामाला आहे त्यामुळे एक गोष्ट खटकली. हे तुकडे जेमतेम २२ अक्षरांचे, पहिला १९९३ ला एका बारक्या किड्यात सापडला, अँब्रोस आणि रुव्हकुनना २०२४ चं नोबेल त्यावरच. प्रोटीनला चिकटून असतात म्हणून रक्तात टिकतात हे खरंय, पण लाल पेशी फुटल्या की सगळा घोळ! मिर-४५१ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए त्या पेशींत ठासून भरलेले असतात, ते प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) उतरले की आजारामुळे वाढलं का सुईनं पेशी फुटल्यामुळे काही कळत नाही. सुरगाण्याकडून घाटरस्त्यानं दणके खात आलेली ट्यूब सेंट्रिफ्यूज केली (मशीनमध्ये गरागरा फिरवून पेशी खाली बसवल्या) की कधी कधी वरचा थर पिवळा सोडून चक्क गुलाबी दिसतो, म्हणजे पेशी फुटल्यात, त्यांतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो, तेव्हा आम्ही पोटॅशियमसुद्धा रिपीट मागतो हो. आणि रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेली हिरवी ट्यूब आली तर हे तुकडे मोजायची पीसीआरच नीट होत नाही, जांभळी ईडीटीएवालीच पाहिजे.

शिवाय मिर-१५५, मिर-१४६ए तर इन्फ्लमेशन (शरीरातला दाह) असलं की कमी-जास्त होतातच, मग फ्लू असो का सेप्सिस (अंगभर भडकलेलं इन्फेक्शन). २०२१ च्या कोरोना लाटेत आजार किती वाढलाय बघायला सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर या रक्ताच्या टेस्ट रोज लिहून यायच्या, त्यांच्यापेक्षा हे मायक्रोआरएनए जास्त काय सांगतात ते आधी दाखवा ना. ऑक्सिजन बघायला ऑक्सिमीटर तर आशाताईंकडेही असतो. बाकी सॅम्पल काढल्यावर किती तासांत सेंट्रिफ्यूज केलं ते लेखात कुठंच नाही, कुणाला माहीत असेल तर टाका.