बाणांची आकृती पाठ केली म्हणजे झालं?

"बाणांची तिरकी आकृती पाठ करा, ११८ मूलद्रव्यांचं इलेक्ट्रॉन संरूपण तयार. अपवाद दोनच, क्रोमियम आणि तांबं, कारण अर्धं किंवा पूर्ण भरलेलं उपकवच स्थिर असतं. आणि जे शेवटी भरतं तेच आधी रिकामं होतं." कोकणातल्या बारावी-सीईटीच्या ग्रुपांवर हा मेसेज सारखा फिरतोय. मुलं तो भरवशाने पाठ करतात, म्हणून हे लिहितोय.

अणूतली उपकवचं (१एस, २एस, २पी, ... ४एस, ३डी) कोणत्या क्रमाने भरतात ते ही आकृती दाखवते; कुठल्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन, ते म्हणजे संरूपण. आकृती टाकाऊ नाही. व्हॅनेडियमपर्यंत, म्हणजे अणुअंक २३ पर्यंत, ती एकदाही चुकत नाही. रत्नागिरीच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम असतं. त्याचा उदासीन अणू घ्या: अणुअंक २२, आरगॉनच्या १८ नंतर ४एसमध्ये २, ३डीमध्ये २. बरोबर.

पण अपवाद दोनच? पाचव्या आवर्तातच नायोबियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलॅडियम, चांदी अशी रांग लागते. पुढे लँथॅनम, सेरियम, गॅडोलिनियम, प्लॅटिनम, सोनं. पॅलॅडियम तर पाचव्या आवर्तातलं असून त्याचं ५एस रिकामंच. दहाही इलेक्ट्रॉन ४डीत.

स्थिरतेचं कारणही अपुरं आहे. नायोबियमच्या ४डीत ४ आणि ५एसमध्ये १. ४डीत मावतात १०, म्हणजे ते ना अर्धं, ना पूर्ण. टंगस्टन क्रोमियमच्याच गणातलं, तरी त्याच्या ५डीत ४ आणि ६एसमध्ये २. ही संरूपणं वर्णपटांवरून ठरलेली आहेत, आकृतीवरून नव्हे.

सगळ्यात घातक तिसरं वाक्य. जांभ्याला लाली देणारं लोह फेरिक, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं. उदासीन लोहात ३डीत ६, ४एसमध्ये २. मेसेजप्रमाणे तिन्ही इलेक्ट्रॉन ३डीतून काढले तर ३डीत ३ आणि ४एसमध्ये २ उरतील. एकटे, म्हणजे जोडी नसलेले, इलेक्ट्रॉन तीन; त्यांच्या संख्येवरून येणारं चुंबकीय आघूर्ण (चुंबकत्वाचं माप) सुमारे ३.९ बोर मॅग्नेटॉन (त्याचं एकक). प्रयोगशाळेतल्या फेरिक अमोनियम सल्फेटचं मोजलेलं आघूर्ण ५.९ च्या आसपास येतं, म्हणजे एकटे इलेक्ट्रॉन पाच. ४एसमधले दोन आधी गेले, मग ३डीतला एक; ३डीत ५ उरले.

असा इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, म्हणजे धन आयन, विचारला तर आधी उदासीन अणूचं संरूपण पूर्ण लिहा, मग सर्वांत बाहेरच्या कवचातून काढायला लागा. कणकवलीच्या क्रोमाइटमधलं क्रोमियम करून बघा: उदासीन अणूत ३डीत ५, ४एसमध्ये १, खनिजात तीन गेलेले, म्हणून ३डीत ३.