धर्म गेला तर मयताला कोण येणार?

नमस्कार,

‘धर्म नसलेलं जग कसं असेल’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. असा प्रयोग जिथे झाला तिथे दडपशाहीच झाली, याला तुम्ही अल्बानियाचा दाखला दिलात. दुसरा, धर्म काढून घेतला की माणूस एकटा पडेल. ‘मयताला तरी कोण येणार?’ असं तुम्ही विचारलंत. तिसरा, देवाचं भय नसेल तर बरंवाईट कशावरून ठरवायचं? आणि शेवटी, ‘स्वतःच्या मुलांना काय शिकवता तेही एकदा सांगून टाका.’ प्रश्न तळमळीनं विचारलेत, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही.

अल्बानियाबद्दल तुमचं म्हणणं खरंच आहे. साम्यवादी हुकूमशहा एन्वर होजाच्या राजवटीनं १९६७ मध्ये देशातल्या मशिदी, चर्च आणि सूफी मठ सरसकट बंद केले. श्कोडर शहरातल्या कॅथेड्रलचं क्रीडागृह झालं. १९७५ मध्ये धार्मिक वळणाची नावं बदलण्याचं फर्मान निघालं. बापानं ठेवलेलं नावसुद्धा सरकारला खुपत होतं! या सगळ्याचं समर्थन मी करत नाही, कधी करणारही नाही. कुणाची जपमाळ पोलिसांकरवी हिसकावून जे जग उभं राहतं ते मला नको आहे.

पण अल्बानियाची गोष्ट पुढेही आहे. १९९० च्या नोव्हेंबरात राजवट डळमळायला लागली, तेव्हा श्कोडरमध्ये लोक उघडपणे प्रार्थनेला जमले ते कबरस्तानात. तेवीस वर्षांच्या बंदीनंतर पावलं वळली ती आपल्या गेलेल्या माणसांकडे. सरकारनं देवळांना कुलपं लावली, पण घरात माणूस गेल्यावर मागे उरलेल्यांनी काय करायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. म्हणून तुमचा मयताचा प्रश्न मला तिन्हींत मोलाचा वाटतो.

त्याआधी पूर्व जर्मनीकडे बघू. तिथेही साम्यवादी राजवट होती, चर्चवर दडपण होतं. ख्रिस्ती घरांत मुलं चौदा वर्षांच्या आसपास आली की चर्चमध्ये त्यांचा ‘कन्फर्मेशन’चा विधी होतो. त्याला पर्याय म्हणून सरकारनं १९५४ मध्ये ‘युगेंटवाइहे’ नावाचा सोहळा हाती घेतला. मूळ कल्पना सरकारची नव्हे. चर्चपासून वेगळ्या झालेल्या मुक्तपंथी मंडळ्यांनी तो एकोणिसाव्या शतकात सुरू केला होता, पुढे कामगार चळवळीनं उचलला. सरकारनं त्यात समाजवादाशी निष्ठेची शपथ घातली आणि न जाणाऱ्या मुलांच्या उच्च शिक्षणात अडथळे आणले. आठवीतली मुलं मंचावर जायची, शपथ घ्यायची, हातात एक पुस्तक आणि फुलं घेऊन खाली उतरायची.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, पुढच्या वर्षी जर्मनी एक झाली. शपथ गेली, सक्तीही गेली. चर्चला जायला आता कुणाची आडकाठी नव्हती. तरी पूर्वेकडची बहुसंख्य माणसं तिकडे परतली नाहीत, आणि युगेंटवाइहेही बंद पडला नाही. आजही दर वसंतात हजारो मुलामुलींचा हा सोहळा होतो. मुलाचा पहिला सूट, मुलीचे पहिले उंच टाचांचे बूट, बाहेरगावाहून आलेले आजी-आजोबा, मग सगळ्यांचं एकत्र जेवण आणि पाकिटातून आहेर. शाळेत आजवर अरे-तुरे करणाऱ्या शिक्षकांनी यापुढे मुलांना अहो-जाहो करायचं, अशी जुनी रीत आहे. ज्या विटेनबर्गमधून मार्टिन ल्यूथरनं १५१७ मध्ये पोपच्या सत्तेला आव्हान दिलं, ते शहर याच भागात आहे आणि तिथले बहुतेक लोक आज कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत. तिथे संसार मोडले नाहीत, म्हातारे आईबाप रस्त्यावर आले नाहीत. माझ्या कल्पनेतल्या जगाच्या जवळ जाणारं असं काही आज कुठे असेल, तर ते इथे आहे. आणि बघा, त्यात सोहळा भरपूर आहे. मुलगी मोठी झाली हे चार माणसांसमोर सांगावंसं वाटणं देवाबरोबर निघून जात नाही.

आपल्याकडे या दिशेनं पहिलं मोठं पाऊल महात्मा फुल्यांनी टाकलं. त्यांना मी नास्तिकांच्या रांगेत बसवत नाही, ते निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानत होते. पण २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय लग्न लावलं, तेव्हा विधी कुणाच्या मालकीचा हा प्रश्न पहिल्यांदा मांडवात आला. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः एकमेकांशी बोलतात, स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलतात. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला अशी लग्नं लागली, तर ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात दावा लावला. लग्न दुसऱ्यानं लावलं तरी पैसे आमचे, असा तो वतनाचा हक्क होता. नवरा-नवरीचं सुख किंवा पावित्र्य त्या दाव्यात कुठेच नव्हतं. धर्म नसलेल्या जगाची कल्पना करताना मला सगळ्यात आधी हा हिशेब मिटलेला दिसतो.

आता मयत. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. त्या घरीच गेल्या. डॉक्टरांनी दाखला दिला, नेत्रपेढीची माणसं येऊन डोळे घेऊन गेली, मग वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली. मुलानं कागदांवर सह्या केल्या आणि गाडी निघाली. त्यानंतरची शांतता फार अवघड होती. खांदा द्यायचा नव्हता, मडकं धरायचं नव्हतं, लाकडं रचायची नव्हती. दारात जमलेल्या माणसांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. तिथे मला जाणवलं की या कामांत माणसं गुंततात आणि दुःखाचा पहिला दिवस तेवढा तरी निभावतो. मंत्रांचा अर्थ किती जणांना कळतो हा मुद्दा वेगळा, पण कुणी काय करायचं हे ठरलेलं असतं. ही धर्माची खरी ताकद आहे आणि आम्ही निरीश्वरवादी मंडळी ती कमी लेखतो.

पण तुम्ही विचारलंत, कोण येणार? सगळे आले. शेजारच्या घरून पिठलं-भात आला, अशा घरात येतो तसाच. भटजी येणार आहेत का, हे विचारून कुणी तो टाकला नव्हता. दहाव्या दिवशी पिंड नव्हता, कावळ्याची वाट बघणं नव्हतं, पण माणसं होती. त्यांचा एक माजी विद्यार्थी आता रिक्षा चालवतो. तो सातवीतली निबंधाची वही घेऊन आला आणि लाल शाईतला शेरा वाचून दाखवला: ‘विचार चांगले, अक्षर सुधार.’ त्यावर हसू आलं, आणि सुनेला रडूही तिथेच फुटलं. असे प्रसंग अजून ज्याचे त्याला जुळवावे लागतात. त्यांची रीत बसायला दोन-तीन पिढ्या जातील. मला त्याचीच घाई आहे, देवळं बंद करण्याची नाही.

नीतीच्या प्रश्नाला पंढरपुरातून उत्तर देते. दलितांना विठ्ठलाचं मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केलं. गुरुजी श्रद्धाळू होते. दार उघडू नये म्हणणारेही श्रद्धाळूच होते. देव तोच, अभंग तेच. चोखोबांची समाधी शतकानुशतकं महाद्वाराबाहेर होती, हेही दोघांना ठाऊक होतं. मग एकाला अन्याय दिसला आणि दुसऱ्याला विटाळ, हा फरक देवाच्या भयानं पडला का? तुम्ही म्हणाल, गुरुजींचा धर्म हाच खरा धर्म. मान्य. पण तो खरा आणि समोरच्याचा खोटा, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ते ठरवताना तुम्ही जे वापरलंत, तेच मीही वापरते. ते माणसापाशी धर्माच्या आधीपासून आहे.

राहिली मुलं. मला एक मुलगी आहे. घरात देव्हारा नाही, पण सासूबाई रोज हरिपाठ म्हणतात आणि तिच्याही त्यातल्या बऱ्याच ओळी पाठ झाल्यात. देव आहे का, असं तिनं विचारलं तेव्हा ‘मला नाही वाटत, आजीला वाटतं’ एवढंच सांगितलं. त्यावर तिनं आजीला जाऊन विचारलं आणि दोघींचा बराच वेळ वाद झाला. पालखी पुण्यात येते तेव्हा ती आजीबरोबर दर्शनाला जाते. मोठी झाल्यावर तिला वारीला जावंसं वाटलं तर तिची पिशवी मी भरून देईन, आणि लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं ठरवलं तर साक्षीदार म्हणून सही करायला आम्ही दोघीही जाऊ. सासूबाईंनी तसं कबूल केलंय.