‘जवळजवळ बसतं’

जुन्या फ्रेंच सायकलसाठी आणलेला पार्ट अजिबात बसला नाही, तर मी पेढे वाटीन. गळा कापतो तो ‘जवळजवळ बसणारा’. लग्नाला ३६ पैकी १८ गुण पुरतात. इथे साडेपस्तीस जुळले की फ्रेम गेली.

पायडलच घ्या. फ्रेंच क्रँकचे (पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे १४ बाय १.२५ मिलिमीटर, म्हणजे व्यास १४, दोन आट्यांत अंतर १.२५. बाकी जगाचं पायडल ९/१६ इंची, म्हणजे १४.२९, इंचाला २० आटे. सुरुवातीला गोडीगुलाबीने आत शिरतं, मग अडतं, मग माणूस लांब पाना आणतो. थोड्याच वेळात ॲल्युमिनियमचा भुगा खाली पडतो. त्यापेक्षा आधी क्रँकमध्ये ९/१६चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवा. उजवीकडे सुलटा, डावीकडे उलटा (घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळणारा).

खरी करमणूक बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे क्रँकचा अ‍ॅक्सल फ्रेममध्ये ज्या दोन आटेदार कपांत फिरतो तिथे. इंग्रजी सायकलच्या उजव्या कपाला उलटे आटे असतात, हे जाणकाराला पाठ असतं आणि तिथेच तो फसतो. फ्रेंच माप ३५ बाय १, दोन्हीकडे सुलटे. कप सोडवतोय या समजुतीत गडी घामाघूम होऊन तो आवळत असतो. बरं, दिशा बदलूनही हलत नसेल, तर सत्तरच्या दशकाच्या शेवटाची मोटोबेकान ही फ्रेंच सायकल असू शकते. तिथे स्विस आटे: माप तेच, उजवा कप मात्र उलटा!

फ्रेंच उजव्या कपाच्या कडा इतक्या अरुंद की पाना घसरतोच. क्रँक, अ‍ॅक्सल आणि डावा कप काढा. उजव्या कपातून जाड बोल्ट घाला: डोकं आत, बाहेर नट, दोन्हीकडे जाड वायसर. नट धरून बोल्ट घट्ट करा, मग नटावरचा पाना काढून डावीकडूनच बोल्ट आवळत राहा. आवळण्याची ती दिशा हीच कपाची सुटायची.

क्रँक अ‍ॅक्सलवरून ओढून काढायचं आटेदार हत्यार म्हणजे पुलर; नेहमीचा २२ मिलिमीटरचा. टी.ए. या फ्रेंच कंपनीच्या क्रँकला २३, स्ट्राँगलाइट या दुसरीच्या क्रँकला २३.३५! हा ०.३५ कोणाच्या डोक्यातून आला, देव जाणे. स्ट्राँगलाइटला २३ चा लावलात तर तो आटे ओरबाडून बाहेर येतो, क्रँक जागच्या जागी.

हँडलचा स्टेम (हँडल धरणारा, फ्रेमच्या पुढच्या नळीत उतरणारा दांडा) मात्र सज्जन. फ्रेंच २२.०, इतरांचा २२.२; एमरी पेपरने घासला की झालं. चिमट्याच्या नळीचे २५ बाय १ चे आटे मात्र इंची हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या, वाटेला नेऊ नका.

सिम्प्लेक्स कंपनीच्या डिरेलरसाठी (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या यंत्रासाठी) बनलेली फ्रेम असेल, तर तो अडकवायच्या भोकाला आटेच नसतात. निदान चुकीचे तरी नाहीत! १० बाय १ चा टॅप मारा, कानशीने डिरेलर टेकून अडावा अशी खाच पाडा. आजचा डिरेलर निमूट बसतो.